भुंडे हात

कोणी नवं माणूस घरात आलं की मी त्याच्या तोंडाआधी त्याच्या मनगटाकडे बघते. घड्याळ आहे का, कडं आहे का, कुठल्या देवळातला लाल दोरा आहे का, बाहीचं बटन लावलंय की तुटून लोंबतंय. सून म्हणते, आई, लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या अंगावरचं सोनं जोखता. वाटू दे. ही सवय मला आबांनी लावली आणि आता या वयात ती जायची नाही. परवा नातवाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा परदेशात एक माणूस लेथवर लाकडाचा वाडगा काढत होता. डोळ्यांवर चष्मा, अंगात घट्ट डगला, आणि छातीपर्यंत रुळणारी दाढी. "आजी, तू भी यही करती थी ना?" नातू शाळेच्या हिंदीत म्हणाला. मी म्हटलं, "हो रे, पण याला आबांनी मशीनजवळ उभं केलं नसतं. आधी दाढी बांधून ये म्हणाले असते." पोरगा हसत सुटला. मी मात्र गंमत केली नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील. तापीकाठच्या गावात, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना, मागची खोली म्हणजे मायचं स्वयंपाकघर, आणि मधल्या अरुंद जागेत, जिचं दार बाजूच्या बोळात उघडायचं, आम्ही राहायचो. आबा लाकूड खरादायचे, म्हणजे लेथवर फिरवून गोल काढायचे. गल्लीत चारी बाजूंनी हातभर अंतरावर यंत्रमाग, आणि त्या मागांना लागणाऱ्या, सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या आबांच्या हातच्या. कांड्यांना सगळे बाबिनच म्हणत. मागांचा खडखडाट आमच्या कानात इतका मुरला होता की तो आहे हे कळायचं ते फक्त वीज गेल्यावर. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि मग शेजारच्या घरातलं पोर रडताना, कुणाच्या तरी चुलीवर फोडणी पडताना ऐकू यायचं. माय तेवढ्यात दोन गोष्टी हळू आवाजात बोलून घ्यायची. एरवी आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे, त्यामुळे पाहुण्यांना वाटायचं यांचं रोज भांडण असतं.

बाबिनसाठी हळदूचं लाकूड लागायचं. नावाप्रमाणे पिवळं. त्याचा भुसा आबांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मिशांवर बसायचा आणि मायला तो भाकरीच्या पिठातसुद्धा सापडायचा. "नवरदेव आले हळद लावून," असं ती रोज दुपारी म्हणायची आणि आबा रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर तेलाची धार, हे त्यांचं जेवण. जेवताना ते बाह्या खाली सोडायचे आणि मशीनवर जाताना कोपराच्या वर गुंडाळायचे. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही, गळ्यात काही नाही. लग्नात सासऱ्याने दिलेली अंगठी ट्रंकेत होती आणि त्यावरून फोपनारच्या माझ्या मामांच्या नाकाला कायमच्या मिरच्या झोंबल्या होत्या. आबा म्हणायचे, "मशीनले सोनं कळत नाई. बोट बी कळत नाई. तिले फक्त गुंडाळनं कळते."

त्यांचा पहिला नियम एवढाच होता, मशीनजवळ यायचं तर भुंड्या हाताने यायचं. आणि मायचा पहिला नियम होता, बाईमाणसाने घरात भुंड्या हाताने फिरायचं नाही. हे दोन नियम अनेक वर्षं एकाच छपराखाली सुखाने नांदले, कारण मशीनजवळ कोणी बाईमाणूस जातच नव्हतं. आबा कधी कधी मुद्दाम काडी लावायचे. सणावाराला माय खापरावरचे मांडे करायची. उलट्या खापराखाली जाळ धडधडतोय, आणि माय पुरणाचा उंडा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवतेय, तो पातळ होत होत उपरण्याएवढा होतोय. त्या वेळी ती बांगड्या दंडाकडे वर चढवून सुतळीने बांधून टाकायची. आबा दारातून म्हणायचे, "आता कोनाचे हात भुंडे?" माय मान वर न करता म्हणायची, "वर सारते मी, काढत नाई. दोन्हीत फरक हाय."

आबांच्या उजव्या हाताला कंप कधी सुरू झाला हे कोणालाच नक्की सांगता येणार नाही. आधी चहाची बशी वाजू लागली. मग आबा बशी सोडून पेल्यात चहा घेऊ लागले आणि आम्ही समजलो की त्यांना पेला आवडायला लागला. मग बाबिन परत यायला लागल्या. शेजारचे मागवाले चाचा भले माणूस होते, ते आत येऊन हळूच म्हणायचे, "भैया, सूत अटक रहा है." बाबिनच्या अंगावर हाताला लागेल न लागेल अशी लाट राहिलेली असायची. आबा ती अंगठ्याने चाचपायचे आणि बाबिन बाजूला ठेवायचे. डॉक्टरने विचारलं, हात थरथरतो हे कधी लक्षात आलं? आबा म्हणाले, "हातच्या कंकनाले आरसा काहून पायजे, डॉक्टरसाहेब?" आणि टेबलावर ठेवलेला हात त्यांनी दाखवला. तो आपला आपण चालला होता. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हा आजार कमी-जास्त होईल पण जाणार नाही. घरी येताना चौकात आबांनी मावा जिलेबी घेतली. आजारपण घेऊन घरी चाललोय आणि हातात जिलेबीचा पुडा. माय मात्र आम्हाला पाहून खूश झाली, तिला वाटलं डॉक्टरने चांगलंच सांगितलं असणार.

माझा थोरला भाऊ कागदाच्या कारखान्यात लागला होता, तिथेच क्वार्टरमध्ये राहायचा. त्याला भुशाने दमा व्हायचा, हे खरंही होतं आणि सोयीचंही होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. एके सकाळी आबांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "सुमे, बांगड्या काढ." मी मायकडे पाहिलं. माय परातीत पीठ मळत होती, तिचे हात थांबले. "पोरीले खराद्या करता काय? उद्या कोन करीन तिले?" आबा म्हणाले, "जो करीन तो बाबिनीसारखी सरळ बायको नेईन." पण आवाजात गंमत नव्हती, आणि मायलाही ते कळलं. तिने कारखान्याच्या दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूला, एक खिळा ठोकून घेतला. बांगड्या तिथे अडकवायच्या, उंबऱ्याबाहेर पाय टाकायच्या आधी परत घालायच्या. अशी तडजोड झाली. त्या खिळ्यावरच्या हिरव्या बांगड्या मशीन चालू झाली की बारीक किणकिणायच्या.

पहिले कित्येक दिवस आबांनी मला मशीन चालूच करू दिली नाही. आधी बंद मशीनवर लाकूड मशीनच्या दोन टोकदार अणींमध्ये धरायला शिकवलं. लाकूड वाजवून बघायचं, चीर असेल तर आवाज फुटका येतो. गाठ असेल तर ते लाकूड चुलीत, मग ते कितीही देखणं असो. धरलं की हाताने पूर्ण फिरवून बघायचं, कुठे टेक्याला घासतंय का. टेका म्हणजे ज्यावर पटाशी टेकवायची तो लोखंडी पट्टा. तो लाकडाच्या इतका जवळ पाहिजे की मध्ये बोट जाणार नाही. पटाशी आधी टेक्यावर आणि मग लाकडावर, उलटं केलं तर मशीन पटाशी हिसकावून घेते. काचपेपर मारताना टेका आधी दूर सरकवायचा. फडकं बोटाला गुंडाळायचं नाही, चिमटीत धरायचं, म्हणजे ओढलं तर ते जाईल, बोट राहील. एका पटाशीवर दोन माणसांचे हात कधीच नकोत, कारण एकाला काय वाटतंय ते दुसऱ्याला उशिरा कळतं. विजेचा खटका दाबताना लाकडाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आणि वीज गेली की सगळ्यात आधी खटका बंद करायचा, कारण गेलेली वीज विचारून येत नाही. आबा हे सगळं रोज पहिल्यापासून म्हणवून घ्यायचे, आणि मी पाढ्यांसारखं म्हणून दाखवायचे. वेणी अंबाड्यात, पदर नाही, ओढणीही नाही, भावाचा जुना शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

मशीन चालू करायचा दिवस आला तेव्हा आबांनी आपलं स्टूल भिंतीशी, खटक्याच्या खाली ठेवलं. "मशीन तुझी, खटका माझा," ते म्हणाले. मी 'बंद' म्हटलं की ते बंद करणार, आणि मी म्हणायच्या आधी त्यांना काही दिसलं तरी ते बंद करणार. मला त्याचा फार धीर होता. चौकोनी लाकूड गरागरा फिरायला लागलं की त्याचे कोपरे दिसेनासे होतात, नुसतं धुकं दिसतं, आणि त्या धुक्यात पटाशी घालायची असते. पहिल्यांदा पटाशी अशी ठणकन उडाली की माझ्या खांद्यापर्यंत कळ गेली. आबांचा खटका आधीच बंद झालेला. "लाकडाशी भांडू नको," ते म्हणाले, "ते तुझ्याकडे येऊन राह्यलं, तू फक्त पटाशी धर. घट्ट नको. चिमनी धरतो तशी." हळूहळू कोपरे जायला लागले, पिवळ्या ढलप्या मनगटावरून सरसर वाहायला लागल्या, आणि एक दिवस माझ्या हाताखाली गुळगुळीत गोल लाकूड आलं. मी लाटणं करून मायला दिलं. तिने ते पोळपाटावर फिरवलं आणि म्हणाली, मधी पोट आलंय. आलंच होतं.

मायचा डॉक्टरवर विश्वास नव्हता अशातला भाग नाही, पण डॉक्टरने 'जाणार नाही' म्हटलं होतं आणि तिला ते ऐकायचंच नव्हतं. फोपनारला तिच्या माहेरी केळीच्या मळ्यापलीकडे एक म्हातारे भगत होते. त्यांनी मंतरलेला काळा दोरा मनगटाला बांधायचा. तो तोडायचा नाही, काढायचा नाही, आपोआप झिजून गळून पडला पाहिजे. गळला की दुखणं घेऊन जातो. तिच्या काकाचा अर्धांगवायू असाच गेला होता म्हणे. ती दोऱ्याची गुंडी घेऊन आली आणि आबांनी नाही म्हटलं. रागाने नाही, सरळ सांगितलं. "हा दोरा बांधला की मी मशीनले हात लावू शकत नाई. आज ना उद्या हात थांबला, तर मंग? दोरा गळायची वाट पाहू का?" माय म्हणाली, "आता तरी कुठी लावता हात?" गुंडी देव्हाऱ्यात गेली आणि रोज उदबत्तीचा धूर खात बसली. आबा मशीनपासून दूर होते खरे, पण त्यांचा हात भुंडा होता, आणि जोवर तो भुंडा होता तोवर ते सुट्टीवरचे खराद्या होते. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. मायलाही कळत असावं, कारण तिने पुन्हा आग्रह केला नाही.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ, माग जोरात चाललेले, मी बाबिन काढत होते आणि वीज गेली. सगळं गप्प झालं. लाकूड फिरता फिरता मंद झालं, आणि मी लाट राहिलीय का ते बघायला त्यावर तळवा ठेवला. खटका बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हे पाठ होतं, पण खटका आबांचा होता आणि आबा तिथेच बसलेले होते. आबा म्हणाले, "थांब," आणि त्यांनी हात वर केला. मी वळून पाहिलं. त्यांची बोटं खटक्यावर जात होती आणि निसटत होती. खटक्याच्या डाव्या बाजूला पाटीवर आपटली, मग उजव्या बाजूला. आबा खटक्याकडे डोळे लावून बघत होते आणि हात त्यांचं ऐकत नव्हता. एवढ्यात वीज आली. जाऊन लगेच परत यायची, असा झपका आमच्याकडे नेहमीचा. लाकूड माझ्या तळव्याखालून उसळलं आणि बोटं ओढून टेक्याच्या फटीशी नेली. हात मी कसा मागे घेतला ते आठवत नाही. मधल्या बोटाचं नख गेलं, दोन बोटांची कातडी सोलली, हळदूच्या पिवळ्या लाकडावर लाल रेघ उमटून गरगरत राहिली. आबा अजून खटका शोधत होते. शेवटी त्यांनी अंग वळवून डाव्या कोपराने तो खाली पाडला.

फट जरा रुंद असती तर बोटं आत गेली असती. फट अरुंद ठेवायला आबांनीच शिकवलं होतं, म्हणून बोटं राहिली. आज त्या बोटाला नख आहे, जरा वाकडं. पण मला आठवतो तो आबांचा चेहरा. दुखणं माझं होतं आणि धडकी त्यांना भरली होती. मला त्यांना म्हणायचं होतं, काही झालं नाही आबा, पण झालं होतं. माय धावत आली, तिने हळद दाबली, फडकं बांधलं, आणि मग माझ्या हाताकडून आबांच्या हाताकडे बघितलं. तिला कोणी काही सांगितलं नाही. मागांच्या आवाजात कोणी सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

त्याच दुपारी जेवण झाल्यावर आबांनी हात धुतले, देव्हाऱ्यासमोर बसले आणि मनगट पुढे केलं. "बांध," म्हणाले. मायने पटकन, जणू ते मन बदलतील म्हणून, दोरा बांधला. त्यांनी हात मांडीवर दाबून धरला होता, म्हणून गाठ बसली. संध्याकाळी वायरमनला बोलावून त्यांनी खटका भिंतीवरून काढवला आणि मशीनच्या डाव्या बाजूला, माझ्या हाताशी लावून घेतला. "आता मशीन बी तुझी, खटका बी तुझा." स्टूल त्यांनी स्वतः उचलून उंबऱ्याबाहेर नेलं. त्यानंतर हातात दोरा असेपर्यंत त्यांनी कारखान्याचा उंबरा ओलांडला नाही. नियम तो नियम. मशीनजवळ भुंड्या हाताने, आणि त्यांचा हात आता भुंडा नव्हता.

बोटं भरून आल्यावर मी पुन्हा मशीनवर उभी राहिले आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी एकटी आहे. आबा दाराबाहेर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "टेका ढिला हाय," "पटाशीले धार लाव," "गाठ येऊन राह्यली, सरक बाजूले." मशीनचा आवाज त्यांना मागांच्या गदारोळातूनही वेगळा कळायचा. पण काही झालं तर ते आत येणार नव्हते, आणि आले असते तरी काही करू शकले नसते. मी खटका दाबायच्या आधी दर वेळी दाराकडे बघायचे. ते मान हलवायचे. एवढंच. घरात धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत होती. मायला वाटायचं दोरा लवकर गळावा, म्हणजे आजार जाईल. मला वाटायचं तो कधीच गळू नये, कारण गळल्यावर काय होणार हे मी रोज त्यांच्या पेल्यातल्या हिंदकळणाऱ्या चहात बघत होते. आणि आबांना काय वाटायचं? ते अंघोळीनंतर दोरा पंच्याने टिपून कोरडा करायचे. तो झिजावा म्हणून की टिकावा म्हणून, मला आजही सांगता येत नाही.

दोरा राजघाटावर गळला. आबा तापीवर अंघोळीला गेले होते, परत आले तर मनगट मोकळं. दोरा राहायचा तिथे कातडीवर फिकट पट्टा होता. ते दारात उभे राहून म्हणाले, "तापीनं नेला." मायने परात खाली ठेवली आणि रडायलाच लागली. ओले हात पदराला पुसत, हसत, रडत ती गल्लीतल्या दोन बायांना सांगून आली. गुण आला, गुण आला. तिने लगेच हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली, खापर बाहेर काढलं, मांडे करायचे ठरवले. आणि मला वाटतं आनंदाच्या भरातच ती आबांना म्हणाली, "आयकता का, मले एक लाटनं करून द्या. पोरीच्या लाटन्याले पोट हाय." आबांनी तिच्याकडे बघितलं. मी म्हणणार होते, माय, आजच कशाला. पण तिच्या तोंडाकडे पाहून मला बोलवेना. आबा म्हणाले, "बरं."

ते इतक्या महिन्यांनी उंबरा ओलांडून आत आले. मी बाजूला झाले, भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी सागाचा एक तुकडा निवडला, वाजवून पाहिला. अणींमध्ये धरला, घट्ट केला. हाताने पूर्ण फिरवला. टेका सरकवून फट अंगठ्याने मोजली. बाह्या कोपरावर चढवल्या, त्याला फार वेळ लागला आणि मी मदत केली नाही. मग पटाशी उचलली, बाजूला उभे राहिले आणि डाव्या हाताने खटका दाबला. लाकूड धुकं होऊन फिरू लागलं. आबांनी पटाशी टेक्यावर टेकवली. लाकडाला लावली नाही. नुसते उभे राहिले, डोळे लाकडावर. चौकटीवरच्या माझ्या बांगड्या किणकिणत होत्या, माग खडखडत होते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की एक कसबी माणूस लाकडाचा अंदाज घेतोय. मला क्षणभर तसंच वाटलं. मला वाटलं खरंच गुण आला असेल. मग मला पटाशीचं टोक दिसलं. पुढे होऊन त्यांचा हात धरावा असं इतकं वाटलं की माझी बोटं वळली. पण एका पटाशीवर दोन माणसांचे हात नकोत. त्यांनीच शिकवलं होतं.

आणि वीज गेली. गल्लीतले माग एकामागोमाग थांबले. मोटरीचा पट्टा सळसळत मंदावला, बांगड्या गप्प झाल्या. त्या शांततेत एकच आवाज उरला. टेक्यावर पटाशी वाजत होती. टक टक टक टक, न थांबता. इतका वेळ तो आवाज होताच, मागांखाली दबला होता. आता तो कारखाना भरून मधल्या जागेतून मागच्या स्वयंपाकघरात जात होता, आणि तिथे मायच्या खापराखालचा जाळ तेवढा ऐकू येत होता. आबा ऐकत होते. मीही ऐकत होते. मला त्या पटाशीवर काहीतरी टाकून तो आवाज झाकावासा वाटला, आणि मी जागची हलले नाही.

आबांनी डाव्या हाताने खटका बंद केला. मग पटाशी फळीवर ठेवली. आवाज थांबला.

माय दारात येऊन उभी होती. पिठाचे हात, बांगड्या दंडावर बांधलेल्या, मनगटं मोकळी. "बिजली गेली ना," ती म्हणाली. "बिजली आली की होईन. असं अर्ध्यात कसं होईन?"

"हो," आबा म्हणाले. "बिजलीच गेली." बाह्या खाली सोडत ते उंबऱ्याबाहेर आले. "पन मले वाटते, अर्धाच गुण आला. थोडं बाकी हाय. उरलेला दोरा हाय ना तुझ्याकडे? आन. अजून एक बांध."

मायने त्यांच्याकडे बघितलं. मग आत जाऊन हात धुतले, देव्हाऱ्यातली गुंडी आणली. आबांनी मनगट पुढे केलं. या वेळी त्यांनी ते मांडीवर दाबलं नाही, तसंच हवेत धरलं, आणि ते थरथरत राहिलं. माय दोरा गुंडाळायची आणि गाठीच्या वेळी तो निसटायचा. दोनदा निसटला, पुन्हा निसटला. "सुमे," ती म्हणाली, "इकडे ये. आबांचा हात धर."

मी तशीच गेले, बांगड्या खिळ्यावर ठेवून, भुंड्या हातांनी उंबरा ओलांडून. मायची नजर माझ्या मनगटांवर गेली आणि परत दोऱ्याकडे वळली. मी माझ्या दोन्ही हातांत आबांचं मनगट धरलं. ते माझ्या हातात उड्या मारत होतं. "घट्ट धर," माय म्हणाली. मी घट्ट धरलं. आबा माझ्याकडे नाही, तिच्या बोटांकडे बघत होते. गाठ बसली, मायने दाताने उरलेला दोरा तोडला आणि आबांचा हात सोडायच्या आधी त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

वीज आली. सगळ्या सिंधीपुऱ्यातले माग एकदम सुरू झाले. आमची मशीन बंदच होती.

"जाय," आबा ओरडून म्हणाले, कारण आता ओरडावं लागत होतं. "लाटनं राह्यलं. मांडे व्हायच्या आत पायजे तुझ्या मायले." ते स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवला. मी आत गेले. लाकूड हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहिलं, बाजूला उभी राहिले, दाराकडे बघितलं. आबांनी मान हलवली आणि मी खटका दाबला.